काळ्या रानातील नांगरट : किती आणि केव्हा?

वैशाखात वऱ्हाडातील अथवा मराठवाड्यातील भारी काळ्या रानातून चालत गेल्यास पायाखाली भेगांचे जाळे पसरलेले दिसते. कित्येक भेगांत हात सहज जातो. काही तर हातभराहूनही खोल असतात. याच सुमारास गावात भाड्याचा ट्रॅक्टर येतो. शेजाऱ्याचे रान उलथून निघते, आणि आपले तसेच राहिले तर लोक आळशी म्हणतील या भयाने शेतकरी गाठीची रोकड नांगरटीच्या भाड्यात घालून मोकळा होतो. पुढे मृग लागला की बियाण्यासाठी त्याला उसनवारी करावी लागते. हा खर्च दरसाल करणे खरोखरीच अवश्य आहे काय, याचा विचार शेतकऱ्यांनी व गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी करणे अगत्याचे आहे.

भारी काळ्या जमिनीचा स्वभाव इतर जमिनींहून निराळा आहे. तिच्यातील चिकणमाती पाण्याने फुगते व उन्हाने आकसते. उन्हाळ्यात पृष्ठभागावरील माती सुटून तिचे रवाळ कण भेगांत पडतात. पावसाळ्यात जमीन फुगली की खालची माती वर रेटली जाते. अशा रीतीने वरची माती खाली व खालची वर जाण्याचे काम निसर्ग वर्षानुवर्षे आपण होऊन करीत असतो. म्हणूनच कृषिशास्त्रज्ञ या जमिनीस स्वतःच स्वतःला नांगरणारी जमीन म्हणतात. ही सोय मुरमाड किंवा हलक्या रानास नाही, हे मात्र ध्यानात ठेवावे.

आपल्या वाडवडिलांना हे शास्त्राच्या भाषेत नव्हे, पण अनुभवाने ठाऊक होते. काळ्या रानात लाकडी नांगर दरसाल घालण्याची वहिवाट नव्हती. काही वर्षांच्या अंतराने एकदा नांगरून मधली वर्षे वखराच्या पाळ्यांवर काढीत. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी 1903 साली लोखंडी नांगर तयार केला. पुढे या नांगराने कुंदा व हराळी मुळासकट उपटता येऊ लागली, हा मोठाच लाभ झाला. परंतु तणाच्या दुखण्यावरील हे औषध, ट्रॅक्टर आल्यावर, दुखणे नसतानाही दरवर्षी घेण्याची सवय जडली.

या सवयीचा उपद्रव केवळ पैशापुरता नाही. वळवाचा पाऊस पडून वरचा थर सुकला, पण खाली ओल आहे, अशा वेळी घाईने नांगर चालविला तर तळाची माती चाकाखाली व फाळाखाली दडपली जाऊन तेथे कठीण थर बसतो. मुळे त्या थरावर अडतात आणि पाणी मुरत नाही. वाफसा ओळखण्याची रीत सोपी आहे. नांगराच्या तासाइतक्या खोलीवरील माती मुठीत दाबून तिचा गोळा करावा व बोटाने ढकलावा. गोळा फुटला तर वाफसा आहे. बोट रुतले, किंवा मातीची वळी वळता आली, तर औत त्या दिवशी रानाबाहेरच राहू द्यावे.

नांगरट टाळण्याचा सर्वांत रोकडा फायदा सोयाबीनवर हरभरा घेणाऱ्यास होतो. सोयाबीन निघताच जमिनीतील ओल दिवसागणिक खाली जाऊ लागते. अशा वेळी नांगरून ढेकळे काढणे म्हणजे ओल उन्हात मांडणे होय. त्याऐवजी सोयाबीन जमिनीलगत कापून, मुळे आत ठेवून, न नांगरता अथवा वखराची एकच उथळ पाळी देऊन, 30 सेंटीमीटर अंतरावरील ओळींत पाभरीने हरभरा पेरावा. बी ओलीवर पडले पाहिजे, एवढे पाहावे.

खरिपात भारी रानाची खरी अडचण पाणी साचण्याची असते, व ती नांगराने सुटत नाही. पाटणचेरू येथील इक्रिसॅट संस्थेने 1970 च्या दशकात काळ्या जमिनीसाठी रुंद वरंबा-सरीची पद्धत बसविली. तिच्यात सुमारे एक मीटर रुंदीचा वरंबा व अर्ध्या मीटरची सरी असते. जादा पाणी सरीतून निघून जाते, आणि बैल किंवा चाक सरीतूनच चालल्याने वरंब्यावरील माती दडपत नाही. वरंबे एकदा पाडून कायम ठेवले तर पुढे डागडुजी पुरते. रायगड जिल्ह्यातील नेरळ येथे चंद्रशेखर भडसावळे यांनी भातासाठी बसविलेल्या सगुणा तंत्रातही गादीवाफे कायम ठेवून मुळे जमिनीतच कुजू देतात.

तथापि नांगर कायमचा आढ्याला टांगावा, असा याचा अर्थ नव्हे. कुंदा-हराळीने व्यापलेले रान उन्हाळ्यात एकदा खोल नांगरून मुळ्या वेचल्यावाचून गत्यंतर नाही. कपाशीवर गुलाबी बोंडअळी पडली असेल तर फरदड न घेता पऱ्हाट्या वेळीच काढाव्यात व जमीन नांगरून कोष उन्हाला उघडे करावेत. 2017 च्या हंगामात विदर्भाने या अळीचा फटका सोसला आहे. रब्बी ज्वारीस तर कोळपणी हवीच. तीन, पाच व आठ आठवड्यांनी कोळपण्या दिल्यास भेगा बुजून ओल टिकते. ही मशागत वाचविणे म्हणजे कणीस गमावणे होय. राहता राहिला पाचोळ्याने जमीन झाकण्याचा सल्ला. ज्याच्या दावणीला जनावरे आहेत, तो कडबा रानात टाकणार नाही, आणि त्याला तसे सांगूही नये. धसकटे मात्र वेचून न जाळता जागीच राहू द्यावीत.

न नांगरलेल्या रानात पहिली एक-दोन वर्षे तण अधिक दिसते, कारण तणाचे बी वरच राहते. तेव्हा मृगाच्या सरींनी उगवलेले तण वखराच्या उथळ पाळीने मारून मगच तिफण धरावी. ज्यास शंका असेल त्याने सर्व रानावर प्रयोग करू नये. एका एकराचे दोन भाग करून एक नांगरावा, एक तसाच ठेवावा. बी, खत व पेरणीचा दिवस दोहोंस एकच असावा. भाडे, खुरपणीची मजुरी आणि उतारा वहीत वेगवेगळा मांडावा, व अश्विनात दोन्ही भागांत कुदळीने खड्डा घेऊन मुळे कोठवर गेली ते कार्यकर्त्याने शेजाऱ्यापाजाऱ्यांस बोलावून दाखवावे.