निगेटिव्हमागचा दिवा

जुनं रीळ डिजिटल करायचं म्हटलं की गप्पा रिझोल्यूशन टू-के हवं की फोर-के यावरच रंगतात. फिल्मच्या मागे कोणता दिवा जळतो, हे सहसा कुणी विचारत नाही. रंगांचा बराचसा निकाल मात्र तिथेच लागलेला असतो.

रंगीत फिल्मवर पिवळा, मॅजेंटा आणि सायन अशा रंगद्रव्यांचे थर असतात. पिवळा थर निळा उजेड अडवतो, मॅजेंटा हिरवा, सायन तांबडा. कुणी किती अडवला, एवढंच स्कॅनरच्या सेन्सरला मोजायचं असतं. गंमत अशी, की निगेटिव्ह माणसाच्या डोळ्यासाठी बनवलेलीच नसते. तिच्यावरून ज्या पॉझिटिव्ह फिल्मवर प्रिंट निघायची, त्या फिल्मला ती कशी दिसेल, हे धरून तिची रंगद्रव्यं ठरलेली असतात.

हातात धरलेली निगेटिव्ह नारिंगी दिसते. हा रंग मुद्दाम दिलेला असतो. मॅजेंटा आणि सायन आपल्या वाट्याबाहेरचा उजेडही थोडा गिळतात, त्याची ही भरपाई. पण नारिंगी म्हणजे निळ्याला अडसर, आणि स्कॅनरमध्ये हॅलोजन दिवा असेल, तर त्यात निळा मुळातच तोकडा. निगेटिव्हवरचा सर्वांत गडद भाग म्हणजे चित्रातला सर्वांत उजळ भाग, त्यामुळे नेमकं पांढऱ्या धोतरावर आणि मोकळ्या आभाळात निळे-पिवळे दाणे वळवळू लागतात. नंतर संगणकावर कितीही घासा, दाण्यांबरोबर तपशीलही जातो.

नव्वदच्या दशकातल्या स्पिरिट डेटासिने या स्कॅनरमध्ये झेनॉन दिवा होता. निळ्याच्या बाबतीत उदार, पण तापट. आणि जसजसा वापरला जाईल तसतसा त्याचा उजेड बदलत जाणार. म्युनिकच्या आरी कंपनीने आरीस्कॅनमध्ये वेगळी वाट धरली. सेन्सर कृष्णधवल ठेवला आणि रंग दिव्याकडे सोपवले. फ्रेम जागेवर थांबते, तांबडा, हिरवा, निळा एलईडी पाठोपाठ चमकतात आणि तीन वेगळी चित्रं घेतली जातात. निळा कमी पडतोय? त्याचा झोत तेवढा वाढवायचा. जोडीला अवरक्त झोतही असतो. तो रंगद्रव्यांतून आरपार जातो, पण धूळ-ओरखड्यांवर अडखळतो, म्हणून कुठे साफ करायचं त्याचा नकाशा आयता मिळतो.

एलईडीचा एवढा बोलबाला झाल्यावर जुन्या टेलिसिनेत (फिल्मचं व्हिडिओत रूपांतर करणाऱ्या यंत्रात) बाजारातला सीआरआय 95 चा पांढरा दिवा बसवून मोकळं होण्याचा मोह होतो. मला तो सल्ला पटत नाही. सीआरआय सांगतो, खोलीतल्या वस्तू डोळ्याला कशा दिसतील ते. रंगद्रव्यं मोजण्याशी त्या आकड्याचा संबंध नाही. नेहमीच्या पांढऱ्या एलईडीत 450 नॅनोमीटरजवळ निळ्याचा सुळका, 480 च्या आसपास खड्डा आणि 650 नंतर उतरण असते. सायनचा जोर असतो या उतरणीवरच. मॅटिनीला पाहिलेल्या तांबूस-गुलाबी पडलेल्या प्रिंटा आठवा. तिथे सायनच विरलेला असतो, आणि उरलेलं थोडंथोडकं मोजायला दिव्यात गडद तांबडा लागतोच.

तीन रंगांचे एलईडी बसवले तरी काम संपत नाही. तांबडा एलईडी तापला की मंदावतो, म्हणून मागे धातूचा जाड ठोकळा, पंखा आणि पक्का स्थिर विद्युतप्रवाह हवा. उजेड कमी करण्यासाठी दिवा झपाझप चालू-बंद केला, तर ओळीओळीने वाचणाऱ्या स्कॅनरच्या चित्रावर पट्टे उठतात. शिवाय सगळे झोत पांढऱ्या अस्तराच्या पोकळ गोळ्यात घोळवून एकजीव करावे लागतात. या घोळवण्याचा कृष्णधवल चित्रपटांनाही मोठा फायदा. ‘संत तुकाराम’ (1936) सारख्या चित्रपटात रंगद्रव्यं नाहीत, चांदीचे कण आहेत. सरळ झोत त्यांच्यावर विखुरतो, त्यामुळे चित्र कडक होतं आणि बारीक ओरखडेही ठळक होतात. घोळवलेल्या उजेडात दोन्ही सौम्य राहतं. अवरक्ताची युक्ती मात्र इथे चालत नाही, कारण चांदी त्यालाही अडवते.

अरुंद पट्ट्यांचे तीन रंग सगळीकडे लागू पडतात असंही नाही. झुरिक विद्यापीठात बार्बरा फ्लुकिगर यांच्या चमूने जुन्या रंगीत फिल्मचे तेच तुकडे वेगवेगळ्या स्कॅनरवर चालवून पाहिले, तर रंग वेगवेगळे आले. मूकपटांच्या काळात अख्खी प्रिंट रंगाच्या पाण्यात बुडवत. ती डोळ्यांनी पडद्यावर पाहण्यासाठीच रंगवलेली. तिच्यातला रंग दोन एलईडींच्या मधल्या फटीत पडला, तर स्कॅनरला तो धड दिसतच नाही. अशा प्रिंटसाठी सलग पसरलेला पांढरा उजेडच बरा, मग त्यासाठी जुना झेनॉन पुन्हा पेटवावा लागला तरी चालेल.