उजवीकडे जायचंय? आधी डावीकडे वळा

चौकात खरा घोळ घालतं ते उजवं वळण. आपण डाव्या बाजूनं गाडी चालवतो, त्यामुळे उजवीकडे जाणाऱ्याला समोरून येणाऱ्या गाड्यांना आडवं जावंच लागतं. दुहेरी वाहतुकीच्या साध्या चौकात गाड्यांचे मार्ग ३२ ठिकाणी एकमेकांना भिडतात. त्यांपैकी १६ ठिकाणी ते आडवे छेदतात आणि त्यातली १२ उजव्या वळणांमुळे.

यावर तोड म्हणजे बाजूचा रॅम्प. उजवीकडे जाणारी गाडी चौकाच्या आधीच डावीकडे उतरते, आडव्या रस्त्याला लागते आणि सिग्नल मिळताच मुख्य रस्ता सरळ ओलांडते. उजव्या वळणासाठी वेगळा सिग्नल लागत नाही, सरळ जाणाऱ्यांना हिरवा दिवा जास्त वेळ मिळतो. अमेरिकेत वाहतूक उजवीकडून चालते; तिथल्या न्यू जर्सी राज्यात हीच रचना आरशातल्यासारखी उलटी दिसते. मात्र तिला जागा जास्त लागते आणि फेराही पडतो.

वर्ध्यालगतच्या पिपरी मेघेकरांना याची पुढची पायरी जवळच पाहायला मिळते. ११ डिसेंबर २०२२ रोजी समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा खुला झाला. वर्ध्याजवळ येळाकेळीच्या इंटरचेंजवरून त्यावर चढता येतं. तिथे चौकही नाही, सिग्नलही नाही. आडवी वाहतूक पुलानं वर-खाली केलेली. नागपूरकडे जायचं असो की मुंबईकडे, महामार्गाच्या प्रवाहात शिरायचं ते डाव्या कडेनंच.

रॅम्पवर वेग कमी ठेवा. उतरायचा रॅम्प चुकला, तर गाडी मागे घेऊ नका. सरळ पुढचा इंटरचेंज गाठा.