साओ पाउलोला राहायला जाताय? आधी ‘सीपीएफ’ काढा!

जळगाव : नोकरीसाठी ब्राझीलच्या साओ पाउलो शहरात जाणार असाल, तर पोर्तुगीज शिकाच. मात्र पहिल्याच आठवड्यात गाडी अडते ती ११ अंकी क्रमांकावर.

सीपीएफ म्हणजे काय?
हा तिथल्या कर खात्याचा क्रमांक, आपल्या पॅनसारखा. सिमकार्ड, बँक खाते, भाडेकरार अशा सगळ्या ठिकाणी तो मागतात. परदेशी नागरिकांनाही मिळतो. ब्राझीलच्या वकिलातीमार्फत भारतातूनच अर्ज करता येतो. तिथले यूपीआय म्हणजे २०२० मध्ये सुरू झालेले ‘पिक्स’. त्यासाठीही आधी खाते हवे.

पोलिसांकडे का जायचे?
तात्पुरत्या निवासाचा व्हिसा असेल, तर पोहोचल्यापासून ९० दिवसांत फेडरल पोलिसांकडे नोंदणी करावी लागते.

आजारी पडल्यास?
‘सूस’ ही सरकारी आरोग्यसेवा परदेशी नागरिकांनाही मोफत आहे.

जेवणाचे काय?
भात आणि घेवड्याची उसळ रोजचीच. उसळीत अनेकदा मांस असते. शाकाहारींनी विचारूनच ताट घ्यावे. अनेक खाणावळींत ताटाचे वजन करून पैसे घेतात.

घरी फोन कधी?
ब्राझील साडेआठ तास मागे. तिथे कामावरून संध्याकाळी ७ ला फोन केला, तर इथे पहाटेचे साडेतीन! सकाळी ७ ला करा. जळगावात दुपारचे साडेतीन वाजलेले असतील आणि आई जागी असेल.