भारी धान, हलकं धान आणि कॉलेजांची यादी

आमच्या दवनीवाड्यात जुलै महिना आला की दोन गडबडी एकदमच सुरू होतात. बांध्यांमध्ये रोवणीची गडबड आणि बारावी पास झालेल्या ताई-दादांच्या घरी फॉर्मची गडबड! रोवणीसाठी चिखलात उतरावं लागतं आणि फॉर्म मोबाइलवर भरावा लागतो, एवढाच काय तो फरक. चूक झाली तर दोन्हीकडे वर्ष वाया जातं, बरं का!

ही २०२५ च्या जुलैतली गोष्ट. संध्याकाळी शाळेतून घरी आले, तर माझी एक जुनी विद्यार्थिनी बाबांना घेऊन ओट्यावर बसलेली. चौथीपर्यंत ती माझ्याच वर्गात होती. नाव सांगितलेलं तिला आवडणार नाही, म्हणून आपण तिला नुसतं ‘ताई’ म्हणू. ताई अभ्यासात फार हुशार. बारावीला गावात पहिली आणि इंजिनिअरिंगच्या सीईटीत ९६ पर्सेंटाइल!

"मॅडम, पोरीचा फारम एक डाव पाहून द्या ना जी," बाबा म्हणाले. "आपल्याले काय समजते त्यातलं!"

ताईने वही पुढे केली. वहीत चारच नावं होती. दोन कॉलेजं मुंबईची, दोन पुण्याची, आणि चौघांपुढे एकच शाखा, कॉम्प्युटर.

"आणि ही चारही नाही मिळाली तर?" मी विचारलं.

"मिळेलच ना मॅडम! मला ९६ आहेत."

इथेच हुशार मुलं फसतात. कमी गुण मिळालेला मुलगा घाबरून लांबलचक यादी लिहितो. हुशार मुलाची यादी मात्र आखूड असते, कारण ‘आपल्याला कोण नाही म्हणणार?’ असं त्याला वाटत असतं.

९६ म्हणजे किती?

आधी एक गोष्ट नीट समजून घेऊ. पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत. ९६ पर्सेंटाइल म्हणजे परीक्षेला बसलेल्या दर शंभर मुलांपैकी साधारण ९६ मुलं तुमच्या मागे आणि चार पुढे. चार म्हणजे काय, अगदीच थोडी! पण थांबा. २०२५ मध्ये सीईटीच्या गणित गटाला चार लाखांहून जास्त मुलं बसली होती. त्यांचे चार टक्के काढा बरं. सोळा हजारांच्या वर! म्हणजे ताईच्या पुढे तितकी मुलं रांगेत उभी होती. ज्या नामांकित कॉलेजात कॉम्प्युटरच्या जागा शे-दोनशेच, तिथे ही रांग कुठवर पोचणार?

ताईने पाठीमागच्या पानावर गुणाकार केला आणि गप्प झाली.

पुस्तकांच्या पेटीचा खेळ

मग मी तिला तिच्याच चौथीच्या वर्गातला एक खेळ आठवून दिला. आमच्या शाळेत पुस्तकांची पेटी आहे. पेटीतली दहा पुस्तकं मी टेबलावर मांडते. दहा मुलांना चिठ्ठीने नंबर देते. प्रत्येकाने आवडीच्या क्रमाने पुस्तकांची नावं कागदावर लिहायची. मग पहिल्या नंबरच्या मुलाचा कागद उघडायचा आणि त्याचं पहिलं पुस्तक त्याला द्यायचं. नंतर दुसऱ्याचा कागद. त्याचं पहिलं पुस्तक गेलं असेल तर दुसरं, तेही गेलं असेल तर तिसरं.

एकदा गंमत झाली. चौथ्या नंबरच्या मुलाने दोनच नावं लिहिली होती. दोन्ही पुस्तकं आधीच गेलेली! तो रिकाम्या हाताने जागेवर जाऊन बसला. नवव्या नंबरच्या मुलीने मात्र दहाही नावं लिहिली होती. तिला एक छानसं पुस्तक मिळालं. चौथा रडवेला होऊन म्हणाला, "मॅडम, माझा नंबर तर तिच्या आधी होता!" नंबर आधी होता खरा, पण कागद संपला होता.

महाराष्ट्रातल्या इंजिनिअरिंग प्रवेशात संगणक जवळपास हाच खेळ खेळतो. ही प्रक्रिया राज्याचा सीईटी कक्ष चालवतो आणि तिला सगळे ‘कॅप’ म्हणतात. तिथे चिठ्ठीऐवजी गुणवत्ता क्रमांक असतो आणि आरक्षणाचे, विद्यापीठाचे वेगवेगळे रकाने असतात. पण मुख्य गोष्ट तीच. संगणक तुमची यादी वरून खाली वाचतो आणि जे पहिलं मिळण्यासारखं असेल तिथे थांबतो.

यातून दोन गोष्टी कळतात. खाली सोपं कॉलेज लिहिलं म्हणून वरचं अवघड कॉलेज हातचं जात नाही. आणि अवघड कॉलेज पहिलं लिहिलं म्हणून खालच्या कॉलेजात तुमचा नंबर मागे पडत नाही. म्हणून क्रम लावायचा तो आवडीने, भीतीने नाही.

बाबांनी शिकवलेला धडा

बाबा इतका वेळ शांत बसून ऐकत होते. मी त्यांना विचारलं, "तुम्ही यंदा कोणतं धान लावता आहात?"

"तीनही लावतो जी. खालच्या बांधीत भारी, मधल्या बांधीत मध्यम आन् वरच्या बांधीत हलकं."

"सगळीकडे भारीच का नाही लावत? उतारा तर त्याचाच जास्त ना?"

बाबा हसले. "सगळ्या बांध्यांत भारी कोन लावते जी? त्याले पानी शेवटपर्यंत पाहिजे. पाऊस दगा देल्ला तं खायचं काय?"

शहरातल्या मित्रांसाठी सांगते. भारी धान म्हणजे उशिरा पिकणारं, हलकं म्हणजे लवकर पिकणारं. हलकं याचा अर्थ हलक्या प्रतीचं असा नाही! कमी पावसातही ते हाती लागतं, एवढंच. आमच्याकडचा जाणता शेतकरी कोणत्या बांधीत किती पाणी टिकतं ते पाहतो आणि त्याप्रमाणे वाण निवडतो.

"ताई," मी म्हटलं, "तुझ्या वहीत सगळंच भारी धान आहे!"

यादीच्या तीन बांध्या

मग आम्ही तिघं कंदिलासारखा दिवा लावून बसलो. वीज गेली होती ना! आधी गेल्या तीन वर्षांचे कट-ऑफ, म्हणजे शेवटचा प्रवेश किती पर्सेंटाइलला झाला त्याचे आकडे, ताईने मोबाइलवर काढले. वहीत तीन रकाने पाडले.

पहिला रकाना भारी धानाचा. इथे कट-ऑफ आपल्यापेक्षा वर असतो, पण मन तिथे ओढ घेतं. मुंबईची व्हीजेटीआय १८८७ पासूनची, पुण्याचं सीओईपी तर १८५४ पासूनचं. ही नावं आम्ही खोडली नाहीत. स्वप्न का खोडायचं? फक्त शाखांचा विचार वाढवला. ताईला विजेच्या वस्तू उघडून बघायचा लहानपणापासून नाद. मग नुसती कॉम्प्युटर शाखाच का? इलेक्ट्रॉनिक्स आणि इलेक्ट्रिकलही लिहिलं.

दुसरा रकाना मध्यम धानाचा. इथे कट-ऑफ आपल्या आसपास, कधी थोडा वर तर कधी थोडा खाली. या रकान्यात ताईच्या मनातल्या शाखांप्रमाणे अमरावतीचं १९६४ चं सरकारी कॉलेज आणि नागपूरचं २०१६ मध्ये सुरू झालेलं सरकारी कॉलेज आलं. सर्वांत जास्त नावं याच रकान्यात हवीत, कारण बहुतेकांचा नंबर इथेच लागतो.

तिसरा रकाना हलक्या धानाचा. इथे तिन्ही वर्षं कट-ऑफ आपल्यापेक्षा चांगला खाली राहिलेला. चंद्रपूरचं सरकारी कॉलेज, नागपूरची काही खासगी कॉलेजं आणि घरून जाऊन-येऊन शिकता येईल असं गोंदियाचं कॉलेजही आम्ही पाहिलं. पण इथे एक अट घातली. जिथे जायला मन तयार नाही, ते नाव लिहायचंच नाही. ताईने एक नाव स्वतःच खोडलं. "मॅडम, इथे मी रडत जाईन," ती म्हणाली. मग त्याच्या जागी दुसरं शोधलं. हलकं धानही शेवटी आपल्यालाच खायचं असतं ना!

रात्री साडेनऊला यादीत बावीस नावं झाली. जास्तीच्या नावाला जास्तीचा पैसा लागत नाही. मग कंजूषपणा कशाला?

आकड्यांची भाषा

कट-ऑफच्या तक्त्यात अक्षरांची गिचमीड दिसते. घाबरू नका. सुरुवातीला ‘जी’ असेल तर ती सर्वसाधारण जागा, ‘एल’ असेल तर मुलींसाठी राखीव. मधे प्रवर्ग असतो. शेवटी ‘एच’ म्हणजे आपल्या विद्यापीठाच्या क्षेत्रातल्यांसाठी, ‘ओ’ म्हणजे बाहेरच्यांसाठी, ‘एस’ म्हणजे राज्यपातळीची जागा. आपला गोंदिया जिल्हा नागपूर विद्यापीठात येतो. म्हणून ताईने नागपूरची कॉलेजं पाहताना ‘एच’ पाहायचा आणि पुण्याची पाहताना ‘ओ’ किंवा ‘एस’. चुकीचा रकाना पाहिला तर सगळा हिशेब चुकतो.

पैशाचंही तसंच. राज्य सरकारने २०२४-२५ पासून ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी गटांतल्या, आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिकवणी फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ केली. प्रवेश मात्र कॅपमधूनच हवा. शिवाय ‘टीएफडब्ल्यूएस’ नावाच्या फी-माफीच्या थोड्या जागा बऱ्याच शाखांत असतात. त्यांचा संकेतांक वेगळा असतो, म्हणून तो यादीत वेगळा लिहावा लागतो. कितीतरी मुलं हा संकेतांक लिहायलाच विसरतात!

आणि कागदपत्रं? उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रिमीलेअर, जात पडताळणी ही कामं रोवणीच्या दिवसांत होत नाहीत. पालकहो, मुलगा अकरावीत असतानाच ती सुरू करा.

पहिली नावं जपून लिहा

२०२५-२६ च्या कॅपमध्ये एक महत्त्वाचा नियम होता. पहिल्या फेरीत यादीतलं पहिलं नाव मिळालं, तर प्रवेश घेणं बंधनकारक. दुसऱ्या फेरीत पहिल्या तीनपैकी, तिसऱ्या फेरीत पहिल्या सहापैकी काही मिळालं तरी तसंच. नको असलेलं नाव उगाच वर लिहिलं तर पुढच्या फेऱ्यांचं दार बंद! नियम दरवर्षी बदलू शकतात, तेव्हा त्या वर्षीची पुस्तिका वाचायचीच.

दहावीतल्या मित्रांनो, हे तुमच्याही कामाचं आहे. २०२५-२६ पासून अकरावीचे प्रवेश साऱ्या राज्यात ऑनलाइन झाले. त्या वर्षी जास्तीत जास्त दहा कॉलेजांची नावं लिहिता येत होती आणि पहिलं मिळालं तर तिथेच जावं लागत होतं. दहा ओळी, तीन बांध्या. जमेल ना?

परदेशातही हीच पंचाईत

ब्रिटनमध्ये बारावीनंतरच्या सामाईक अर्जात पाचच पर्याय लिहिता येतात. अमेरिकेत एका सामाईक अर्जातून वीस कॉलेजांपर्यंत मजल मारता येते. पण तिथे प्रत्येक कॉलेज स्वतंत्र निर्णय घेतं, निबंध मागतं आणि बहुतेक ठिकाणी वेगळी फी भरावी लागते. तिथली हुशार मुलंही स्वप्नातली, आवाक्यातली आणि खात्रीची अशी तीन भागांची यादी करतात. कोणाला कोणतं कॉलेज मिळावं, या कोड्यावर गेल आणि शॅप्ली या दोन गणितज्ञांनी १९६२ मध्ये एक निबंध लिहिला. पुढे २०१२ मध्ये शॅप्ली आणि अल्विन रॉथ यांना अशाच जुळवाजुळवीच्या अभ्यासासाठी अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. पाहा, आमच्या पेटीच्या खेळात केवढं गणित दडलंय!

माझी स्वतःची यादी

निघताना ताईने हळूच विचारलं, "मॅडम, तुम्हाला काय व्हायचं होतं?"

मला इंजिनिअर व्हायचं होतं. मीही वर्गात पहिली. २००८ मध्ये बारावी झाले तेव्हा मीसुद्धा दोनच नावं लिहिली होती. तिसरं लिहायला कोणी सांगितलं नाही आणि सांगितलं असतं तरी मी ऐकलं नसतं. नंबर लागला नाही. ते वर्ष मी रोवणीत आणि रडण्यात घालवलं. पुढच्या वर्षी बाबांनी हट्टाने डी.एड.चा अर्ज भरायला लावला. मनात नव्हतं. पण सरावपाठाला पहिलीच्या वर्गात उभी राहिले आणि एका पोराने माझ्या हाताला धरून पाटीवर पहिल्यांदा ‘क’ काढला. त्या दिवसापासून मी दुसरं काही मागितलेलं नाही. तरीही ते गेलेलं वर्ष मात्र परत आलं नाही. म्हणून तर मी ताईला बावीस नावं लिहायला लावली.

ताईचं काय झालं? पहिल्या फेरीत तिला तेरावं नाव मिळालं. ती जागा हातात ठेवून तिने पुढच्या फेऱ्यांची वाट पाहिली आणि शेवटी सातव्या नावावर थांबली. मधल्या बांधीतलं कॉलेज, आवडीची शाखा. बाबा पेढे घेऊन आले तेव्हा पायाला अजून चिखल होता.

"मॅडम, मध्यम धान हाती आलं जी!" ते म्हणाले.

करून पाहा : वर्गातली दहा पुस्तकं मांडा आणि पेटीचा खेळ खेळा. एकदा सगळ्यांनी दोनच नावं लिहा, दुसऱ्यांदा दहाही लिहा. दोन्ही वेळी किती मुलं रिकाम्या हाताने राहिली, ते मोजा.