हातचा दिवस

मे महिन्यात एक बातमी मराठी वर्तमानपत्रांत हमखास येते: मोसमी वारे अंदमानात दाखल. ती वाचून आपण केरळ किती दिवसांवर आलं, मग कोकण किती, हे मोजायला लागतो. यंदा मी ती पहिल्यांदाच तिकडच्या बाजूने वाचली. आम्हाला अंदमानला जायचं होतं आणि लेकाची सुट्टी नेमकी मेमध्ये होती.

मे गेला, तर दिवाळी. पण ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये बंगालच्या उपसागरात चक्रीवादळं होतात आणि ईशान्येकडून पाऊसही येतो. आपल्या शाळांच्या सुट्ट्या आणि तिथला समुद्र यांचं काही केल्या जमत नाही. शेवटी शाळेत अर्ज दिला आणि जानेवारीचा तिसरा आठवडा धरला.

एका सहल कंपनीने छापील कागद दिला होता: सहा रात्री, सात दिवस. त्यात रोज कुठे ना कुठे जाणं होतं आणि शेवटच्या दिवशी, विमानाच्या आदल्या दुपारी, सेल्युलर जेल. आईने तो कागद वाचला, घडी घालून ठेवला आणि म्हणाली, "मला बाकी काही नको. तेवढी कोठडी नीट बघायची आहे." तिच्या लहानपणी तिच्या वडिलांनी सावरकरांचं वर्णन करताना भिंतीवर खिळ्याने लिहिलेल्या कवितांचं सांगितलं होतं. सावरकर 1911 साली तिथे पोहोचले, 1921 साली परत आणले गेले; थोरले बंधू बाबारावही तिथेच होते. आईला हे सगळं पाठ आहे.

त्या रात्री मी कागद उलटा मांडायला घेतला, म्हणजे परतीच्या विमानापासून मागे. हॅवलॉक आणि नील या बेटांवरून यायचं ते बोटीने. वारा वाढला की बोटी रद्द होतात, आणि विमान काही आपल्यासाठी थांबत नाही. म्हणून शेवटची रात्र पोर्ट ब्लेअरलाच काढायची आणि त्याच्या आधीचा अख्खा दिवस हातचा ठेवायचा. बोट चुकली तर हा दिवस खर्ची पडेल. मग त्या दिवसात काय ठेवायचं? गेलं तरी चालेल असंच काहीतरी. आणि छापील कागदावर तिथेच जेल होतं! मी ते उचलून पहिल्या सकाळी नेलं. हातच्या दिवसात रॉस बेट ठेवलं. गेलं तर हळहळ वाटेल, पण आईचं काही अडणार नाही.

लेकाला स्कूबा करायचं होतं. डायव्हिंगनंतर लगेच विमानात बसू नये, किमान 18 ते 24 तास जाऊ द्यावेत. म्हणजे तेही मागे सरकलं, हॅवलॉकच्या दिवसांत. एक बेत हलवला की दुसरा आपोआप हलतो, हे मला इथे कळलं.

मग सूर्य. देशभर घड्याळ एकच, पण पुणे साधारण 74 अंश रेखांशावर आहे आणि पोर्ट ब्लेअर 93 जवळ. एका अंशाला चार मिनिटं धरली, तर सव्वा तासाचा फरक. आपण दुपारचा चहा घेऊन बाहेर पडायचं म्हणतो, तेव्हा जानेवारीत तिथे सूर्य बुडायला आलेला असतो. राधानगरचा किनारा सूर्यास्तासाठीच नावाजलेला. तिथे साडेतीनला पोहोचायचं, असं ठळक लिहिलं. पहाटेही लवकर होते, तेव्हा सकाळच्या बोटींना घाबरायचं कारण उरलं नाही.

नीलवर एक नैसर्गिक दगडी कमान आहे. ओहोटी असल्याशिवाय तिथवर नीट जाता येत नाही. बाबा अलिबागचे. त्यांनी लगेच कालनिर्णय खाली काढलं. पौर्णिमा-अमावास्येला उधाण, त्या वेळी ओहोटीही खोल. अष्टमीच्या आसपास भांग, तेव्हा पाणी फारसं हटत नाही. आमचा आठवडा पौष अमावास्येला लागून होता. बाबा खूश झाले. मग त्यांनी कोळ्यांचा हिशेब मांडला: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. मी पोर्ट ब्लेअरचं भरती-ओहोटीचं कोष्टक शेजारी ठेवलं. जुळेना. तो हिशेब आपल्या किनाऱ्याचा. बाबा बराच वेळ दोन्ही कागद बघत राहिले, मग त्यांनी कोष्टकातली वेळ पेन्सिलने कालनिर्णयावर उतरवून घेतली.

बाराटांगची चुनखडीची गुहा मात्र मी खोडली. तिकडे जाणारा रस्ता जारवांच्या राखीव जंगलातून जातो. ठरलेल्या वेळी गाड्यांचा ताफा सुटतो, मध्ये थांबायचं नाही, फोटो काढायचा नाही. नियम चांगलेच आहेत. पण त्या ताफ्यातल्या कितीतरी जणांची नजर खिडकीबाहेर माणसं शोधत असते, आणि मला माझ्या मुलाला त्या खिडकीशी बसवायचं नव्हतं. घरात थोडी कुरबुर झाली. मी ऐकलं नाही. वाचलेला दिवस हॅवलॉकला दिला.

बेटांची नावं आता बदलली आहेत. हॅवलॉक 2018 पासून स्वराज द्वीप, नील शहीद द्वीप, रॉसला नेताजींचं नाव, आणि पोर्ट ब्लेअर 2024 पासून श्री विजयपुरम. माहिती शोधताना दोन्ही भेटतात, म्हणून कागदावर जुनी-नवी शेजारी शेजारी लिहिली. खाली बारीक अक्षरात: शंख, प्रवाळ उचलून आणायचे नाहीत. सगळ्यांची आधार कार्डं. आईसाठी गुडघ्याचा पट्टा.

जेल तीन मजली आहे आणि ती कोठडी सगळ्यात वर, हे मी आईला सांगायचं टाळत होते. लेकाने सांगून टाकलं. तेव्हापासून ती संध्याकाळी लिफ्टने येत नाही. आमचं घर दुसऱ्या मजल्यावर. पहिल्या जिन्याच्या वळणावर ती कठड्याला धरून थांबते. मी दार उघडं ठेवते आणि खाली जात नाही, कारण तसं तिने बजावलं आहे. थोड्या वेळाने चपलांचा आवाज पुन्हा सुरू होतो.