चार लिटरची बाटली आणि तीन जीबीचा पाऊस

२५ जुलै २०२४ च्या सकाळी साडेआठला संपलेल्या चोवीस तासांत पुण्याजवळच्या घाटातल्या लवासात सुमारे ४५३ मिलिमीटर पाऊस पडला. शेजारच्या ताम्हिणीत ५५६ आणि पुण्यात शिवाजीनगरला ११४. लवासात दरड कोसळली, आणि खडकवासला धरणातून सोडलेलं पाणी सिंहगड रस्त्यालगतच्या वस्त्यांत शिरलं.

हा पाऊस मोजायचा कसा? साध्या पर्जन्यमापकाचं तोंड २०० चौरस सेंटिमीटरचं आणि आतली बाटली चार लिटरची असेल, तर ती २०० मिलिमीटरलाच काठोकाठ भरते. लवासाच्या त्या दिवसाच्या पावसाला नऊ लिटरांहून मोठी बाटली लागली असती. मधे कुणी जाऊन बाटली रिकामी केली नाही, तर वरचा पाऊस वाहून जातो आणि नोंद खोटी पडते.

स्वयंचलित केंद्रांवरचा मापक पाणी साठवतच नाही. त्यात तराजूच्या पारड्यांसारखे दोन छोटे कप असतात. एक भरला की कलंडतो, पाणी ओतून देतो आणि दुसरा धारेखाली येतो. प्रत्येक पलटीची नोंद होते. एक पलटी अर्ध्या मिलिमीटरची धरली, तर लवासाचा तो दिवस ९०६ पलट्यांचा. पाऊस कितीही पडो, यंत्राकडे एका वेळी असतं जेमतेम १० मिलिलिटर पाणी आणि आतापर्यंतच्या पलट्यांचा एक आकडा.

मोठी फाइल हाताळण्याची फंक्शनल प्रोग्रामिंगमधली रीत नेमकी हीच आहे. आणि ती पाहायला पावसाइतकं चांगलं उदाहरण नाही, कारण या पावसाची फाइल खरोखरच पुण्यात तयार होते.

भारतीय हवामान विभागाच्या पुणे कार्यालयानं १९०१ पासूनचा देशाचा रोजचा पाऊस चौकटींच्या जाळ्यात बसवला आहे. दर पाव अंशाला एक बिंदू: पूर्व-पश्चिम १३५, दक्षिण-उत्तर १२९, म्हणजे दिवसाला १७,४१५ आकडे. प्रत्येक आकड्याला ४ बाइट, म्हणून एक दिवस ६९,६६० बाइटांचा. वर्षाची फाइल साधारण २५ एमबीची. १९०१ ते २०२४ या १२४ वर्षांचा पाऊस तीन जीबीच्या थोडा वर जातो. वर्षवार फाइली कुणालाही उतरवून घेता येतात.

आता समजा, मुळशीतल्या एका विद्यार्थ्याला वेबपान बनवायचं आहे: नकाशावर लवासाला बोट लावा आणि सव्वाशे वर्षांतले सर्वांत ओले दिवस पाहा. सगळ्या फाइली मेमरीत ओढून घ्यायच्या आणि मग शोधायचं, हा पहिला विचार. हीच ती चार लिटरची बाटली. शिवाय फाइलमधले तीन जीबी मेमरीत तीनच राहत नाहीत. एलिक्झर या भाषेत आकड्यांची साधी यादी केली, तर एका दशांश संख्येला १६ बाइट आणि तिला यादीत गुंफणाऱ्या दुव्याला आणखी १६ बाइट लागतात. चाराचे बत्तीस झाले, तीन जीबीचे पंचवीस. एवढी मेमरी त्याच्या लॅपटॉपमध्ये कुठून येणार?

एलिक्झर ही वेबसाठी वापरली जाणारी फंक्शनल भाषा. ब्राझीलच्या जोझे वालीं यांनी २०११ मध्ये तिच्यावर काम सुरू केलं. ती अर्लांग या भाषेच्या यंत्रणेवर चालते, आणि अर्लांगचा जन्म १९८६ च्या सुमारास स्वीडनच्या एरिक्सन कंपनीत टेलिफोन एक्स्चेंजसाठी झाला. एक्स्चेंजमध्ये बोलणं साठवायचं नसतं, पुढे पाठवायचं असतं. तो संस्कार भाषेत आजही दिसतो.

एलिक्झरमध्ये यादीवर काम करण्याच्या दोन तऱ्हा आहेत. ‘एनम’ दिलेलं काम तिथल्या तिथे, पूर्ण यादीवर उरकतो. ‘स्ट्रीम’ फक्त कामाचा क्रम लिहून ठेवतो: फाइल उघड, ६९,६६० बाइटांचा घास घे, त्यातला लवासाचा आकडा काढ, नोंद नसलेला दिवस गाळ. हे सारं |> या पाइपच्या खुणेनं एकापुढे एक जोडलेलं असतं, पण एवढं लिहून एक बाइटही वाचला जात नाही. शेवटच्या टोकाला कुणी उत्तर मागितलं, की एक दिवस आत येतो, सगळ्या पायऱ्या उतरतो आणि जातो. मग दुसरा. टोकाशी असतं ‘रिड्यूस’: आतापर्यंतचा निकाल आणि आजचा आकडा घेऊन नवा निकाल देणारं फंक्शन. कलंडणारा कप तो हाच. जुना निकाल बदलला जात नाही, त्याच्या जागी नवा येतो आणि जुन्याची जागा यंत्रणा मोकळी करते.

लवासाचा आकडा काढायचा कसा? सर्वांत जवळचा बिंदू १८.५ अक्षांश, ७३.५ रेखांशाचा. जाळं ६.५ अक्षांश आणि ६६.५ रेखांशापासून सुरू होतं, म्हणजे ४८ ओळी आणि २८ घरं सोडून पुढचा, ६,५०९ वा आकडा. एलिक्झरमध्ये हे जवळजवळ बोलल्यासारखं लिहिता येतं: २६,०३२ बाइट सोड, पुढचे चार दशांश संख्या म्हणून वाच, बाकीचे जाऊ दे. बाइटांचा असा साचा जुळवणं ही अर्लांगकडून आलेली देणगी आहे.

इथे तीन ठिकाणी पाय घसरू शकतो. जिथे नोंद नाही तिथे या फाइलींत उणे ९९९ लिहिलेलं असतं. ते गाळलं नाही तर बेरीज पार बिघडते. दुसरं, बाइटांचा क्रम. एलिक्झर मोठा बाइट आधी आहे असं गृहीत धरतो, फाइलीत लहान आधी असतो. हे सांगितलं नाही तर पाऊस अगम्य आकड्यांचा दिसतो. तिसरं सर्वांत फसवं. चार बाइटांचा तुकडा संख्या न करता तसाच ठेवला, तर तो तुकडा म्हणजे मूळ घासाकडे दाखवणारं बोट असू शकतं. बोट आहे तोवर अख्खे ६९,६६० बाइट सुटत नाहीत. कप कलंडला, पण पाणी सांडलंच नाही! म्हणून लगेच संख्या करावी आणि तीच जवळ ठेवावी.

वर्षं एकमेकांवर अवलंबून नसल्यानं १२४ फाइली वेगवेगळ्या छोट्या प्रक्रियांकडे सोपवता येतात. कुठलंही मूल्य कुणी बदलत नाही, त्यामुळे एकीच्या कामात दुसरीचा हात लागत नाही. मात्र निकाल जोडता येणारा हवा. बेरजांची बेरीज चालते, कमालांतला कमाल चालतो. सरासऱ्यांची सरासरी चालत नाही, कारण एका वर्षात नोंदलेले दिवस ३६६ असतील, दुसऱ्यात कमी. तिथे बेरीज आणि दिवसांची संख्या अशी जोडीच पुढे न्यावी लागते. मध्यक तर असा एका आकड्यात मावतच नाही, त्याला सगळे आकडे लागतात. काय ओतून द्यायचं आणि काय जपायचं, हा निर्णय शेवटी माणसाचाच.

वेबवर याचं मोल आणखी वाढतं. एकाच वेळी पन्नास जणांनी प्रश्न विचारला आणि प्रत्येकासाठी सगळ्या फाइली जशाच्या तशा मेमरीत आणल्या, तर दीडशे जीबी लागतील. दिवसादिवसानं वाचलं, तर एका वेळी हातात असलेले घास सारे मिळून साडेतीन एमबी.

उत्तर वाचतानाही एक भान हवं. चौकटीतला आकडा आजूबाजूच्या केंद्रांवरून काढलेला असतो आणि चौकटीची बाजू साधारण २७ किलोमीटर आहे. घाटात तेवढ्या अंतरात पावसाचं रूप पालटतं. त्यामुळे लवासाच्या मापकातला ४५३ चौकटीत तसाच सापडेल अशी अपेक्षा ठेवू नये. चौकट सव्वाशे वर्षांचा कल सांगते, मापक त्या दिवसाचं वास्तव. दोन्ही लागतात.

दरड कोसळली, की गावात एकच प्रश्न निघतो: असा पाऊस पूर्वी कधी झाला होता का? वडीलधारे आठवणीतून सांगतात, आणि त्या आठवणीला मान आहेच. पण तिच्या शेजारी १९०१ पासूनची नोंद ठेवता यायला हवी, आणि त्यासाठी मोठं यंत्र लागत नाही. लवासाच्या मोसे खोऱ्यातल्या एखाद्या मुलीचा साधा लॅपटॉप त्याला पुरतो. सव्वाशे पावसाळे त्यातून एकेक दिवसानं जातील, आणि तिच्या हाती उरतील ते मोजके दिवस, ज्यांच्याबद्दल गावानं बोलायला हवं.