पिल्लाचे दात आणि पिल्लाचं वळण

कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडं ते वाकडंच, असं आपण म्हणतो. शेपटाचं ते खरं असेल. पण कुत्र्याच्या तोंडाचं तसं नाही. तोंडाला वळण लावता येतं. ते लहानपणीच लावावं लागतं. कसं लावायचं, ते या पाठात पाहू.

आपल्या कोल्हापूर भागात कुत्र्याला मान आहे. नरसोबाच्या वाडीला आपण दर्शनाला जातो. दत्तमहाराजांच्या तसबिरीत पायाशी चार कुत्री असतात. धनगराच्या मेंढरांमागं कुत्रं असतं. शेतातल्या वस्तीवर तर कुत्र्याशिवाय रात्रीचा धीर येत नाही. म्हणून कुणाची कुत्री व्याली, की आपण एक पिल्लू मागून आणतो.

चार दिवस सगळे लाड करतात. मग तक्रारी सुरू होतात. पोरांच्या पोटरीवर ओरखडे उठतात. आजीच्या लुगड्याचा काठ फाटतो. सोप्यातलं पायताण परड्यात सापडतं. एक दिवस धाकटीच्या बोटातून रक्त येतं. घरधनी काठी उचलतो आणि म्हणतो, "याची खोडच मोडतो." आजी म्हणते, "अरं बाबा, पिसाळलं तर नाही ना ते?"

मंडळी, काठी जरा खाली ठेवू. आधी कारण पाहू.

पिल्लू का चावतं?

लहान मूल प्रत्येक वस्तू हातात धरून बघतं. पिल्लाला हात नाहीत. ते तोंडानं धरून बघतं. हे पहिलं कारण.

दुसरं कारण दातांचं. पिल्लू तीन आठवड्यांचं झालं, की त्याला दुधाचे दात येऊ लागतात. हे दात एकूण २८. ते सुईसारखे टोकदार असतात. पिल्लू साधारण चार महिन्यांचं झालं, की ते पडू लागतात. सहा-सात महिन्यांपर्यंत पक्के ४२ दात येतात. या काळात हिरड्या शिवशिवतात. काही तरी चावल्याशिवाय त्याला चैन पडत नाही.

तिसरं कारण आपणच करतो. पिल्लाची शाळा त्याच्या आईपाशी असते. एक पिल्लू दुसऱ्याला जोरानं चावलं, की दुसरं केकाटतं आणि खेळ सोडून देतं. आईला दात लागले, की ती उठून जाते. त्यावरून पिल्लाला कळतं, की जोरानं चावलं तर खेळ बंद होतो. आपण डोळे उघडल्या-उघडल्या पिल्लू उचलून आणतो. मग त्याची शाळा बुडते. म्हणून पिल्लू निदान आठ आठवडे आईजवळ राहू द्यावं.

काय करावं?

जी रीत आईची, तीच आपली.

पिल्लानं हात धरला, तर हात हिसडू नका. हिसडा दिला, की त्याला तो खेळ वाटतो. शिवाय कातडी जास्त फाटते. हात जागीच सैल सोडा. "आऽ" म्हणा. त्यानं सोडलं, की उठा आणि पाठ फिरवा. अर्धा-एक मिनिट त्याच्याकडं बघू नका, बोलू नका. मग पुन्हा खेळा. पुन्हा चावलं, तर पुन्हा उठा. एका दिवसात हे जमणार नाही. बैलाला औताची सवय एका दिवसात होते का? तसंच हे आहे. काही आठवडे नेमानं करावं लागतं.

दातांना काम द्या. जुनं सुती धोतर ओलं करून त्याला मोठी गाठ मारा. ही गाठ चावायला द्या. गाठ गिळता येणार नाही एवढी मोठी असावी. फाटली, की काढून घ्यावी. जुनं पायताण मात्र देऊ नका. जुनं कोणतं आणि नवं कोणतं, हे पिल्लाला कळत नाही. मटणाच्या रश्श्यातली शिजलेली हाडंही घालू नका. त्यांच्या काचा होतात आणि त्या घशात, आतड्यात रुततात.

पिल्लाला झोपू द्या. लहान पिल्लू दिवसाचे सोळा-अठरा तास झोपतं. झोपमोड झालेलं पिल्लू जास्त चावतं. पोरांनाही शिकवा. खाताना आणि झोपलेलं असताना पिल्लाला हात लावू नये. कान-शेपूट ओढू नये. पायाला झोंबलं, तर पळू नये, उभं राहावं. लहान पोर आणि पिल्लू यांना एकटं सोडू नये.

घरात सर्वांची रीत एक हवी. बापानं खेळात हात चावू द्यायचा आणि आईनं त्याबद्दल मारायचं, असं झालं तर पिल्लू गोंधळतं.

मारल्यानं काय होतं?

मारल्यानं पिल्लू माणसाच्या हाताला भितं. भ्यालेलं कुत्रं मोठं झाल्यावर जास्त चावतं. "चावकं नसेल, तर राखण काय करणार?" असं काही जण विचारतात. म्हणून ते पिल्लाला डिवचतात, तिखट खायला घालतात. हे चूक आहे. राखण म्हणजे भुंकून जागं करणं. कुत्रं मोठं झालं, की ते आपोआप भुंकू लागतं. डिवचलेलं कुत्रं चोराला चावेल तसं शेजारच्या पोरालाही चावेल.

आजीची शंका

आता आजीची शंका. ती हसण्यावारी नेऊ नये. खेळात चावणारं पिल्लू पिसाळलेलं नसतं. पण पिल्लालाही पिसाळण्याचा रोग होतो. त्याला रेबीज म्हणतात. पिल्लू अचानक सुस्त झालं किंवा बेभान झालं, लाळ गळू लागली, आवाज बदलला, चाल अडखळू लागली, तर त्याला हात लावू नका. पोरांना दूर ठेवा आणि जनावरांच्या डॉक्टरांना कळवा.

कोणत्याही कुत्र्याचा दात लागून खरचटलं किंवा रक्त आलं, तर जखम लगेच साबण लावून वाहत्या पाण्यानं पंधरा मिनिटं धुवा. मिरची, चुना, हळद, तेल काही लावू नका. मंतरलेल्या दोऱ्यावर विसंबू नका. त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात जा, नाही तर कोल्हापूरला थोरल्या दवाखान्यात, म्हणजे सीपीआरमध्ये जा. सरकारी दवाखान्यात लस फुकट मिळते. रोगाची लक्षणं दिसू लागल्यावर माणूस वाचत नाही. त्याआधी लस घेतली, तर वाचतो.

ही लस फ्रान्सच्या लुई पाश्चर यांनी १८८५ साली प्रथम एका नऊ वर्षांच्या मुलाला टोचली. त्याला पिसाळलेलं कुत्रं चावलं होतं. तो मुलगा वाचला. पुढं आपल्याकडं पोटात चौदा सुया घ्याव्या लागत. त्या भीतीनं माणसं दवाखाना टाळत. ती जुनी लस आपल्या देशात २००४ च्या अखेरीस बंद झाली. आता सुई दंडात घेतात. पहिल्या सुईनंतर तिसऱ्या, सातव्या आणि पुढं डॉक्टर सांगतील त्या दिवशी सुई घ्यायची. एकही चुकवायची नाही. जखम खोल असेल, तर जखमेतही औषध टोचतात.

पिल्लालाही लस असते. ते तीन महिन्यांचं झालं, की जनावरांच्या दवाखान्यात न्या. पुढं डॉक्टर सांगतील तेव्हा पुन्हा टोचून घ्या आणि तारीख आपल्या हातानं वहीत लिहून ठेवा. आता आपल्याला लिहिता येतं. त्या लिहिण्याचा हा एक उपयोग.

ध्यानात ठेवा

पिल्लू आठ आठवडे आईजवळ राहू द्या.
चावलं, की खेळ बंद करा. मारू नका.
दातांना चावायला गाठ द्या.
दात लागला, तर साबण, पाणी आणि दवाखाना.
पिल्लाला वेळेवर लस टोचा.